चित्र घरी आणल्यावर मळकट दिसतंय? आधी प्रकाश तपासा

घरोघरी चित्रं टांगून देणं आणि त्यांच्यावर दिवे लावून देणं हे माझं काम. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: घेताना चित्र फार आवडलं होतं, भिंतीवर लावलं आणि त्यातला जीवच गेला. अशा वेळी चित्राला बहुतेक काहीही झालेलं नसतं, बिघाड प्रकाशात असतो. तो कुठे आहे ते लक्षणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

लक्षणं

लाल रंग विटकरी किंवा तपकिरी दिसतो, चित्रातल्या माणसांची त्वचा मातकट वाटते. बल्बच्या प्रकाशात लाल कमी पडतोय. ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

सगळ्या चित्रावर पिवळी किंवा निळी झाक पसरली आहे. बल्बची छटा चुकली आहे, नाहीतर खोलीत दोन तऱ्हेचे दिवे एकदम लागले आहेत.

काचेत बल्ब, खिडकी किंवा आपलाच चेहरा दिसतो. तैलचित्र असेल तर कुंचल्याचे जाड फटकारे पांढरे चकाकतात. इथे दिव्याचा कोन बघायचा.

मधोमध झोत आणि कोपरे काळोखात, किंवा वरची पट्टी झगझगीत आणि खाली अंधार. झोताची रुंदी किंवा दिव्याची जागा चुकली आहे.

शेजारी टांगलेल्या दोन चित्रांपैकी एकावरचा प्रकाश हिरवट वाटतो, दुसऱ्यावरचा गुलाबी. बल्ब वेगवेगळ्या खेपेचे आहेत.

प्रकाश लुकलुकतो, बल्ब गुणगुणतो, किंवा बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. डिमर, ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग.

शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर आहे. फ्रेमच्या किंवा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, पट्टीखाली झाकलेला रंग गडद आणि उघड्यावरचा फिका दिसत असेल, तर चित्राचं खरोखर नुकसान होतंय. पुढचं वाचण्याआधी त्या चित्रावरचा दिवा बंद करा, ऊन येत असेल तर पडदा ओढा. बाकीच्या तक्रारी आठवडाभर थांबल्या तरी चालतील, ही नाही.

आता तपासण्या. ज्यांना खर्च नाही त्या आधी. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

१. बाकीचे सगळे दिवे बंद करा

रात्री, पडदे लावून, फक्त चित्रावरचा दिवा चालू ठेवा आणि चार-पाच मिनिटं त्याच प्रकाशात बसा. मग चित्राकडे बघा.

एवढा वेळ बसायचं कारण असं की डोळा खोलीतल्या मुख्य प्रकाशाला पांढरा मानून घेतो आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतो. छताला ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचा आकडा) पांढरीशुभ्र ट्यूब आणि चित्रावर २७०० केल्विनचा उबदार स्पॉट, म्हणजे झोत टाकणारा दिवा, असेल, तर डोळा ट्यूबशी जुळवून घेतो आणि चित्र पिवळं ठरवतो. ट्यूब बंद केली की तेच चित्र ठीक दिसायला लागतं. तसं झालं तर स्पॉटचा बल्ब चांगलाच आहे, बदलायची गरज ट्यूबला आहे. बरेच जण इथेच चुकीचा बल्ब काढून टाकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र भिंतीवरून उतरवा आणि खिडकीजवळ न्या. थेट उन्हात नाही, सावलीत. तिथे लाल रंग लाल दिसला तर दोष बल्बचा. तिथेही तो तपकिरीच दिसला, किंवा पिवळी झाक तिथेही कायम राहिली, तर बल्ब बदलून काही होणार नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

या तपासणीत शेजारी पांढरा कागद धरायची पद्धत चांगली आहे, पण छपाईचा नेहमीचा कागद वापरू नका. त्यात घातलेली उजळवणारी रसायनं उजेडातल्या अतिनील किरणांनी चमकतात. त्यामुळे तो खिडकीशी निळसर पांढरा दिसतो आणि एलईडीखाली एकदम पिवळट. जलरंगाचा सुती कागद घ्या, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

२. पुसून घ्या

दिवा बंद करा, थंड होऊ द्या आणि बल्बची पुढची काच, शेड, फ्रेमची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. धूळ प्रकाश खातेच, शिवाय झोत विखुरते, त्यामुळे गडद भागांवर राखाडी पापुद्रा असल्यासारखं वाटतं.

काचेवर द्रव मारायचाच असेल तर तो फडक्यावर मारा, काचेवर कधीच नाही. काचेवर मारलेला द्रव खाली ओघळतो, फ्रेमच्या खोबणीत शिरतो आणि तिथून माउंट आणि कागद तो शोषून घेतात. खालच्या कडेला लाटेसारखा पिवळा डाग असलेली चित्रं माझ्याकडे येतात, त्यातली बरीच अशी भिजलेली असतात. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची शीट असेल तर अमोनियाचा क्लीनर वापरू नका, शीट धुरकट होते. उघड्या कॅनव्हासला फडकं लावायचंच नाही.

३. कोन

चकाकी घालवायला लोक आधी कमी वॅटचा बल्ब आणतात. बल्ब मंद केला की चकाकी मंद होते आणि चित्रही तेवढंच मंद होतं. उपाय कोनात आहे.

एक छोटा सपाट आरसा घ्या. नेहमी ज्या खुर्चीत बसून चित्र बघता तिथे बसा आणि घरातल्या कुणाला तरी तो आरसा चित्राच्या पृष्ठभागाला समांतर धरून चारी कोपऱ्यांवरून फिरवायला सांगा. कॅनव्हास असेल तर आरसा बोटभर दूर ठेवायचा, टेकवायचा नाही. आरशात जिथे बल्ब दिसेल तिथे चकाकी येणार. खिडकी दिसली तर चकाकी खिडकीची आहे, बल्ब कुठलाही आणला तरी ती जाणार नाही. चित्र हलवा, नाहीतर प्रतिबिंब कमी करणारी काच बसवून घ्या.

चित्राच्या दिव्यासाठी संग्रहालयांत आणि घरांत चालत आलेला अंदाज ३० अंशांचा आहे: छतातून सरळ खाली येणारी रेघ धरली तर झोत तिच्यापासून ३० अंश भिंतीकडे कललेला असावा आणि चित्राच्या मध्यावर पडावा. हिशोब सोपा आहे. दिव्याची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, त्याला ०.५८ ने गुणा, तेवढं अंतर भिंतीपासून. दिवा जमिनीपासून २.७ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.५ मीटरवर असेल तर फरक १.२ मीटर, म्हणजे दिवा भिंतीपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर हवा. त्याहून जवळ आला की फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि रंगाचे सगळे उंचवटे उठून दिसतात. लांब गेला की परावर्तन बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतं आणि चित्रासमोर उभं राहिलं की आपलीच सावली पडते. फ्रेम जाड असेल तर ३५ अंशांपर्यंत जायला हरकत नाही.

दिवा हलवता येत नसेल तर चित्र हलवा. मागच्या दोरीचे हुक थोडे खाली घेतले की चित्राची वरची कड एक-दोन सेंटिमीटर पुढे झुकते आणि प्रतिबिंब जमिनीकडे उतरतं. बऱ्याच घरांत काम इथेच संपतं.

४. बल्बवर काय छापलंय ते वाचा

लाल रंगाची तक्रार असेल तर उत्तर बहुधा इथे मिळतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मूळ चिप निळा प्रकाश देते. तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, तो त्यातल्या काही निळ्याचं पिवळ्यात रूपांतर करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. स्वस्त बल्बच्या या पांढऱ्यात गडद लाल जवळजवळ नसतो. प्रकाशात लाल नसेल तर चित्रातला लाल रंग परत काय पाठवणार? तो काळपट होतो. भिंत पांढरीच दिसत राहते, म्हणून बल्बवर संशय येत नाही.

बल्ब रंग किती खरे दाखवतो ते सीआरआय या आकड्यात सांगतात, कमाल १००. घरगुती एलईडी साधारण ८० चे असतात. चित्रासाठी ९० च्या खाली जाऊ नका, ९५ किंवा वर मिळाला तर उत्तम. पण या आकड्यात एक उणीव आहे. तो आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो आणि त्या आठांत गडद लाल नाहीच. गडद लालचा आकडा वेगळा मोजतात, त्याला आर-९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो. तो किमान ५० हवा. शेंदरी, किरमिजी, गेरू किंवा त्वचेचे रंग भरपूर असलेल्या चित्राला त्याहून बराच जास्त. खोक्यावर आर-९ नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. सीआरआयच छापलेला नसेल तर तो ८० किंवा त्याहून कमी धरून चाला.

सुरुवातीला एकच बल्ब आणा. लावा आणि त्याच्याखाली स्वतःचा तळहात धरा. आर-९ चांगला असेल तर तळव्यावरची गुलाबी, बोटांच्या टोकांची लाली आणि मनगटाच्या निळसर शिरा वेगवेगळ्या दिसतात. वाईट असेल तर सगळा हात एकसारखा पिवळट राखाडी दिसतो. ही परीक्षा माहितीपत्रकाइतकी काटेकोर नाही, पण जुना आणि नवा बल्ब पाठोपाठ लावून बघितले तर फरक लगेच कळतो.

आता केल्विन. हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो, दर्जा नाही. २७०० पिवळसर उबदार, ३००० थोडा स्वच्छ, ४००० तटस्थ, ६५०० निळसर. घरात संध्याकाळी चित्रं बघायला मी ३००० लावतो. चित्र निळ्या-हिरव्या छटांचं असेल आणि खोलीतले बाकीचे दिवेही ४००० चे असतील तरच ४०००. ६५०० मी चित्रावर लावत नाही. घरातल्या मंद पातळीवर तो प्रकाश उदास वाटतो आणि चित्रातले उबदार रंग मरतात. ३००० केल्विन आणि सीआरआय ८० असा बल्ब चित्राला वाईटच, म्हणून दोन्ही आकडे वाचायचे.

रंग बदलणारे स्मार्ट बल्ब चित्रासाठी टाळा. लाल, हिरवा आणि निळा मिसळून केलेला त्यांचा पांढरा रंगांच्या बाबतीत सहसा कमी पडतो.

हॅलोजनचं काय, असं बरेच जण विचारतात. त्याचा सीआरआय जवळजवळ १०० असतो आणि रंग सुंदर दिसतात. पण तो उष्णता भरपूर देतो, थोडे अतिनील किरणही देतो. फ्रेमवर बसवलेल्या हॅलोजनने चित्राची वरची कड तापते, आणि तापणं-थंड होणं रोज चाललं की रंगाच्या थराला तडे जातात. ९५ सीआरआयचा एलईडी मिळत असताना हॅलोजन ठेवायचं कारण उरत नाही.

एकाच भिंतीवर दोन-तीन बल्ब लागणार असतील तर ते एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घ्या आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा. दोन्हींवर ३००० छापलेलं असूनही एक हिरवट आणि दुसरा गुलाबी निघू शकतो. आकडा ढोबळ करून छापतात आणि खेपेखेपेत फरक पडतो. एलईडी वर्षानुवर्षं जळून थोडा रंगही बदलतो, म्हणून जुन्याशेजारी नवा वेगळा दिसतो.

५. झोताची रुंदी

घरातला नेहमीचा गोल बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो. चित्राला झोत देणारा स्पॉट लागतो. स्पॉटवर अंश छापलेले असतात. वरच्या उदाहरणातला दिवा चित्राच्या मध्यापासून साधारण १.४ मीटरवर येतो. तेवढ्या अंतरावर १५ अंशांचा झोत सुमारे ३७ सेंटिमीटर रुंद पडतो, २४ अंशांचा ६० सेंटिमीटर, ३६ अंशांचा ९० आणि ६० अंशांचा १६० सेंटिमीटर. तिरका पडल्यामुळे तो खालच्या बाजूला लांबट होतो.

छापलेला अंश जिथे प्रकाश मधल्याच्या निम्म्यावर येतो तिथपर्यंतचा असतो. त्यामुळे ६० सेंटिमीटरच्या चित्राला नेमका ६० सेंटिमीटरचा झोत दिला तर कडा मधल्या भागाच्या निम्म्याच उजळतात. एक पायरी रुंद घ्या. मोठ्या चित्राला एक रुंद झोत देण्यापेक्षा दोन मध्यम झोत एकमेकांवर थोडे चढवून दिलेले बरे. बल्ब घेताना बूडही बघून घ्या. जीयू १० आणि १२ व्होल्टचा जीयू ५.३ दिसायला सारखे वाटतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

६. उजेड किती, आणि किती तास

फिके चित्र उठावदार करायला जास्त उजेड द्यावा असं वाटतं. कागदावरच्या चित्रांच्या बाबतीत हे महागात पडतं. प्रकाशाने होणारं नुकसान उजेड गुणिले वेळ असं साठत जातं आणि परत फिरत नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या शिफारशीप्रमाणे जलरंग, पेस्टल आणि रेखाटनांना ५० लक्स (चित्रावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि वर्षाला १,५०,००० लक्स-तास ही मर्यादा आहे. तैलचित्रांना २०० लक्स आणि ६,००,००० लक्स-तास. ५० लक्सचा दिवा रोज आठ तास जळला तर वर्षाला १,४६,००० होतात, म्हणजे मर्यादा जेमतेम पाळली जाते. थेट ऊन १,००,००० लक्सपर्यंत जातं. भिंतीवर त्याच्या निम्मं जरी पडलं तरी जलरंगाची वर्षभराची मर्यादा तीन तासांत संपते.

म्हणून दिव्याची काळजी करण्याआधी ऊन थांबवा. मग फोनवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप चित्रासमोर धरा. त्याचा आकडा ढोबळ असतो, पण ५० आणि ५०० मधला फरक तो नक्की दाखवतो. जास्त निघाला तर कमी लुमेनचा, म्हणजे कमी उजेड देणारा, बल्ब घ्या, किंवा दिवा दूर न्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. चित्र उठून दिसायला हवं असेल तर भोवतालचे दिवे मंद करा. आजूबाजूच्या भिंतीपेक्षा चित्रावर तिप्पट उजेड असला की नजर आपोआप तिकडे जाते.

उडालेला रंग कुठलाही बल्ब परत आणत नाही. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची हार्वर्ड विद्यापीठातली भित्तिचित्रं १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या जेवणघरात लावली गेली. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उजेडाने इतका उडाला की १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा प्रोजेक्टरने नेमक्या उडालेल्या जागी हरवलेल्या रंगाचा प्रकाश टाकला होता. प्रोजेक्टर बंद केला की चित्रं पुन्हा फिकी दिसायची.

७. लुकलुक आणि गुणगुण

फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून चित्रावरचा प्रकाश टिपा. पडद्यावर पट्टे धावले किंवा उजेड धपधप करताना दिसला तर लुकलुक आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. वीज ५० हर्ट्झची असेल तर वाईट ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि तासभर बसल्यावर डोकं जड होतं ते त्यामुळेही असू शकतं.

आधी डिमर पूर्ण वर करा. लुकलुक थांबली तर बल्ब डिमरला चालणारा नाही, किंवा डिमर जुन्या तारेच्या बल्बसाठी बनवलेला आहे. थांबली नाही तर तोच बल्ब दुसऱ्या खोलीतल्या होल्डरमध्ये लावून बघा. तिथेही लुकलुकला तर बल्ब बदला. तिथे शांत राहिला तर दोष मूळ जागेच्या जोडणीत आहे.

१२ व्होल्टच्या जुन्या हॅलोजनच्या जागी एलईडी लावला असेल तर ट्रान्सफॉर्मरवर संशय घ्या. ५० वॅटच्या हॅलोजनसाठी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला चालायला किमान भार लागतो. ५ वॅटचा एलईडी तो देत नाही, मग ट्रान्सफॉर्मर चालू-बंद होत राहतो. त्याच्या जागी एलईडीचा ड्रायव्हर लागतो.

बटण बंद करूनही बल्ब मिणमिणत असेल तर बटणातला छोटा दर्शक दिवा हे एक निरुपद्रवी कारण असतं. पण बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल तरीही हेच लक्षण दिसतं, आणि तेव्हा बटण बंद असताना होल्डरला वीज असते. हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

इथे थांबा

मिणमिणण्याचं कारण बटणातला दिवा नाही असं वाटलं, होल्डर तपकिरी पडला असेल, जळका वास येत असेल, एमसीबी पडत असेल, ट्रान्सफॉर्मर बदलायचा असेल किंवा फॉल्स सीलिंगच्या आत हात घालावा लागणार असेल, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. फोनवरच त्याला बल्बचं बूड, व्होल्टेज, डिमर आहे की नाही आणि स्लो मोशनचा व्हिडिओ द्या, म्हणजे तो योग्य ड्रायव्हर घेऊन येतो.

खिडकीच्या उजेडातही चित्र पिवळं किंवा काळपट दिसतं, रंगाचे पापुद्रे सुटलेत, कागदावर तपकिरी ठिपके किंवा बुरशी आली आहे, झाकलेल्या आणि उघड्या भागाचा रंग वेगळा आहे, यातलं काहीही असेल तर चित्रांचं जतन करणारा तज्ज्ञ, म्हणजे कन्झर्व्हेटर, गाठा. जुनं वॉर्निश पिवळं पडलं असेल तर तो ते काढू शकतो आणि खालचे रंग पुष्कळदा शाबूत निघतात. घरगुती उपाय, ओलं फडकं, साबण, तेल यांतलं काहीही त्याआधी लावू नका. पापुद्रे सुटत असतील तर चित्र भिंतीवरून उतरवा, रंगाची बाजू वर ठेवून आडवं ठेवा, वरून काही टेकवू नका आणि ते हलवायचं कसं हेही त्यालाच विचारा.